नदीकाठच्या रानाचं मृत्युपत्र

बाळ्या,

नदीकाठचं आपलं रान मी मृत्युपत्रात जमीन जपणाऱ्या संस्थेच्या नावे केलं. माझ्यामागे तिथे कुणालाच घर बांधता येणार नाही, तुलाही नाही. सही करताना काहीच वाटलं नाही. समोरचा चहा गार झालाय, एवढंच कळलं.

संस्थेच्या बाईंनी विचारलं, "मुलाला कळवलंत ना?"

"हो तर, पत्र लिहिलंय," मी म्हणाले. धडधडीत खोटं. घरी आल्याआल्या लिहायला बसले, म्हणजे ते खरं होईल. तू आणलेला बंगल्याचा नकाशा टेबलावर तसाच आहे, त्यावरच कागद ठेवून लिहितेय.

पाठवलं का, ते बाईंनी विचारलं नव्हतं. हे पाकीट मृत्युपत्राला टाचून ठेवते. दोन्ही एकदमच वाच.

तुझी,
आई