बिगहॉर्नचा उतार आणि ते बटण

वर्लंड, वायोमिंग
मंगळवार, सकाळची कॉफी झाल्यावर

आदरणीय व्हर्लिनदादा,

लॉवेलचा नमस्कार. तो कमरेत वाकूनच केला आहे असं समजा, कारण गेल्या शुक्रवारपासून माझी कंबर तशीच वाकलेली आहे (त्याचं कारण पुढे येईलच). आम्ही दोघं इथे लेकीकडे, जनेलच्या घरी, सुखरूप आहोत आणि तिकडे डिकोरात तुमचंही बरं चाललं असेल अशी आशा करतो. तुमचा नवा खुबा काय म्हणतो? काठी सुटली का? सुटली असेल तर फार घाई करू नका. मी एक्केचाळीस वर्षं लोकांचे केस कापले, तेवढ्यात दुरुस्त केलेल्या खुब्यांची माणसं पुष्कळ पाहिली. खुर्चीत चढताना जी माणसं घाई करत, तीच पुढच्या महिन्यात दुकानात दिसत नसत. असो. बाळाचा बाप्तिस्मा रविवारी थाटात झाला. नाव अल्मा ठेवलं. नाक तुमच्यासारखं आहे, पण डॉक्टर म्हणतात की मोठी झाली की चेहरा त्याच्या मापाचा होईल.

आता प्रवासाविषयी. निघताना तुम्ही माझ्या खिडकीवर कोपर टेकवून जे सांगितलंत ते मला अक्षरशः आठवतं. "लॉवेल, मागे ट्रेलर आहे. पाऊस, डोंगर आणि वारा, यांपैकी एक जरी दिसलं तरी ते क्रूझ कंट्रोलचं बटण आहे हे विसरून जा." अडतीस वर्षं मालाचे ट्रक हाकलेल्या माणसाचा सल्ला मी ऐकणार नाही असं होईल का? मी ऐकला. पण न्हाव्याचं ऐकणं हे वेगळं असतं, दादा. गिऱ्हाईक आपल्या बायकोचं ऑपरेशन सांगत असतं, आपण "अरेरे" म्हणतो, आणि लक्ष मात्र डाव्या कानामागच्या बटेवर असतं. तुम्ही बोलत होतात तेव्हा मी तुमच्या कानामागे बघत होतो. (तिथे जरा वाढले आहेत. आल्यावर बघतो.)

पहिले दीड दिवस रस्ता परातीसारखा सपाट होता. दक्षिण डकोटात शिरल्यावर मी ताशी बासष्ट मैलांवर ते बटण दाबलं, पाय उचलला, आणि दादा, काय सांगू! आपण काही न करता पिकअप चालतो आहे, मागे तेवीस फुटांचं चाकांवरचं घर निमूट येतं आहे, दोन्हीकडे सूर्यफुलं. चाळीस वर्षं उभ्याने काम केलेल्या माणसाला पायांनी काही न करण्यासारखं सुख नाही. मी उजव्या पायातला बूट काढला. थोड्या वेळाने मोजाही काढला.

"बूट घाल," मार्लिस म्हणाली.

"का? गाडी चालतेय ना?"

"गाडी चालतेय रे. तू कुठे चालवतोयस?"

तुमच्या बहिणीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ती एकदा बोलते आणि मग विणायला घेते. तिच्या सुयांचा आवाज वाढला की समजायचं, अजून बोलणं शिल्लक आहे. मिसुरी नदी जवळ आली तेव्हा पावसाला सुरुवात झाली आणि सुया फारच जोरात चालू लागल्या. मी बटण बंद केलं नाही, कारण पाऊस माझ्या मते "पाऊस" या सदरात येण्याइतका नव्हता. तेवढ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात मागच्या चाकांची पकड क्षणभर सुटली, इंजिन एकदम ओरडलं, आणि पिकअप किंचित तिरपा होऊन पुन्हा सरळ झाला. सगळं मिळून एक शिंक येईल एवढाच वेळ. मी बटण बंद केलं, बूट घातला आणि म्हणालो की माझा उजवा पाय गारठला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तुम्हाला माहीत आहे पण मी मुद्दाम लिहितो, म्हणजे कागदावर राहील. मार्लिसने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. आयोवाच्या जानेवारीत, कच्च्या रस्त्यांवरून, मागे चाळीस पोरं एकमेकांच्या टोप्या फेकत असताना. एकदाही बस खड्ड्यात गेली नाही. आणि लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, आम्ही दोघं गाडीत असलो की चालवतो मी. असं कोणी ठरवलं म्हणाल, तर कोणीच नाही. मी पहिल्या दिवशी डावीकडच्या, म्हणजे चाकाच्या बाजूच्या दाराने आत बसलो आणि पुन्हा तो विषय निघाला नाही.

शुक्रवारी बफेलो गावाहून बिगहॉर्नचा डोंगर चढायला लागलो. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, वारा नाही. तीनपैकी दोन गोष्टी नाहीत म्हणजे मी बहुमताने बटण दाबलं. चढावर त्या यंत्राला फार अपमान वाटतो असं दिसतं. पन्नासाचा वेग धरायचा म्हणून ते गिअर खाली टाकतं, इंजिन किंचाळतं, मग वर टाकतं, मग दम लागतो, मग पुन्हा खाली. तापमानाचा काटा लाल रेषेकडे निघाला. शेवटी मला इंजिनाची दया आली आणि मी पायाने चढवत खिंडीपर्यंत नेलं. वर उतरून फोटो काढले. मार्लिसने खिंडीच्या पाटीवरची उंची वाचली, मग पुढचा उतार पाहिला, आणि म्हणाली, "मी चाक घेऊ का?"

मी म्हटलं, "आता काय, आता तर उतारच आहे."

दादा, माणसाचा मूर्खपणा एका वाक्यात बसतो याचा हा पुरावा. माझा हिशेब असा की हे यंत्र चढावर पन्नास धरायला धडपडतं, तर उतारावर ते आपोआप पन्नास धरेल. पण माझ्या त्या जुन्या पिकअपमधलं ते बटण फक्त पुढे ढकलतं. मागे ओढायला त्याच्याकडे काही नाही. टाच आहे, लगाम नाही. हे मला कळलं तेव्हा काटा सदुसष्टावर होता, आणि मागचं तेवीस फुटांचं घर "तुम्ही व्हा पुढे" म्हणण्याऐवजी आम्हालाच ढकलत होतं. समोरून एक भलामोठा ट्रक वर आला, त्याच्या हवेचा तडाखा बसला, आणि ट्रेलरची शेपूट हलायला लागली. आधी हळू. मग आरशात मला ट्रेलरची डावी भिंत दिसली, मग उजवी, मग पुन्हा डावी. आपल्या मागे काय आहे ते माणसाला इतकं तपशिलात दिसू नये.

मी ब्रेक दाबला. क्रूझ सुटलं, पण पिकअप मंदावला आणि ट्रेलरला ते पटलं नाही, तो आणखी जोरात झुलू लागला. मी चाक उलटं फिरवलं. त्याने तर पिकअपचं बूडच हलायला लागलं. उजव्या हाताला कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे होते, खोडं नव्हती. मला त्या क्षणी कसले थोर विचार सुचले म्हणाल, तर एकच. दुकानाची किल्ली नव्या माणसाला द्यायची राहिली आहे.

"ब्रेक सोड," मार्लिस म्हणाली. ओरडली नाही. बसमधल्या मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं. "पाय उचल. चाक सरळ धर. काही करू नकोस, लॉवेल. काही म्हणजे काही करू नकोस."

आणि तिने हात पुढे करून डॅशबोर्डखालचा तो छोटा खटका चिमटीत दाबला, तुम्हीच बसवून दिलेला, ज्याने नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि जो मी आजवर मोबाइल अडकवायला वापरत होतो. मागून कोणीतरी कॉलर धरून खेचावं तसा झटका बसला. ट्रेलर एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि मग गरीब गाईसारखा सरळ मागे येऊ लागला. अर्ध्या मैलावर थांबायची जागा होती. मी गाडी तिथे उभी केली आणि इंजिन बंद केलं. मार्लिस माझ्या हातावर हात ठेवून बसली होती. कंबर तेव्हाच धरली.

आता गंमत ऐका. बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी मार्लिसने घरून व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बिटाच्या बावीस बरण्या आणल्या होत्या. त्यांतल्या एकोणीस त्या झुलण्यात फुटल्या. आम्ही पुढे बसून श्वास घेत होतो तेव्हा ट्रेलरच्या दाराखालून तो लालभडक रस पायरीवर आणि पायरीवरून रस्त्यावर ठिबकत होता. तेवढ्यात एक म्हातारा गुराखी मागे गाडी लावून उतरला. मोठी टोपी, कानात यंत्र, स्वभावाने देवमाणूस. तो ठिबकणारा रस त्याने पाहिला आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

"बीट!" मार्लिस खिडकीतून म्हणाली.

"पीट?" तो धावत दाराशी गेला आणि दोन्ही मुठींनी ठोकू लागला. "पीट! धीर धर रे पीट! आलो मी! ऐकू येतंय का?"

"बीट आहे हो, बीट!"

"जिवंत आहे का?"

"एकोणीस गेले," मी म्हणालो, कारण मला तेवढंच सुचलं. त्या बिचाऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. शेवटी मार्लिसने दार उघडून एक बीट त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं, वास घेतला, खाल्लं, आणि इतका हसला की त्यालाच पायरीवर बसवावं लागलं. उरलेल्या तीनपैकी एक बरणी आम्ही त्याला दिली. निघताना तो मला म्हणाला, "भल्या माणसा, डोंगरावर ते बटण दाबत नाहीत." म्हणजे हे आख्ख्या वायोमिंगला माहीत होतं.

मग आम्ही खालच्या गिअरमध्ये, हळूहळू, मागे गाड्यांची रांग घेऊन टेन स्लीप गावापर्यंत उतरलो आणि संध्याकाळच्या आत जनेलच्या दारात पोचलो. सध्या वेळ बाळाला मांडीवर घेण्यात आणि ट्रेलरच्या गालिच्यातून बीट काढण्यात जातो.

तुमची प्रकृती जपा. घरी सगळ्यांना आठवण सांगा.

तुमचा,
लॉवेल टेगमायर

ता. क. तुम्ही वायोमिंग अजून नीट पाहिलं नाही असं जनेल म्हणत होती. इथली हवा खुब्यांना फार मानवते. तिकीट मी काढतो. या की आठवडाभर.

ता. क. २. आलातच तर परतीच्या वाटेवर तो डोंगर तेवढा तुम्ही उतरवून द्या. बसल्या जागचं काम आहे, खुब्याला काही ताण नाही. माझं काय झालंय, दादा, आता दारातून तो पिकअप दिसला तरी तळहात ओले होतात. हे मार्लिसला कळवू नका. तिला वाटतं मी कमरेमुळे चालवत नाही.

ता. क. ३. दादा, मी मार्लिस. पाकिटावर पत्ता लिहायला त्याने हे माझ्याकडे दिलं आणि पाकीट बंद करायला विसरला. "आम्ही उतरलो" असं जे त्याने लिहिलं आहे, ते मी उतरवलं. त्याने डोळे मिटून दाराची कडी धरली होती. त्याच्या तळहातांचं मला शुक्रवारपासूनच माहीत आहे. तू येऊ नकोस. डॉक्टरने तुला तीन महिने गाडी चालवायची नाही असं सांगितलंय आणि तू लगेच निघशील. मी चालवणार आहे. आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर लगेच पूर्वेला वळायचं नाही असं मी ठरवलंय. मला समुद्र बघायचाय. ओरेगॉन इथून फार लांब नाही. लॉवेलला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. ४. आता सांगितलं. मी लॉवेल. दादा, तासभर विचार केला. मग तिने मला उजवीकडच्या जागेवर बसवून गावाबाहेर चक्कर मारून आणली. त्या जागेवरून सूर्यफुलं पुष्कळ जास्त दिसतात आणि दोन्ही पायांतले बूट काढता येतात. आम्ही गुरुवारी पश्चिमेला निघतो. तेव्हा तुम्ही येऊ नका. आमच्या मागच्या अंगणातल्या टोमॅटोंना तेवढं पाणी घाला, आणि पिकले की तुम्हीच खा. आम्हाला उशीर होईल.