जीप दादाला, बिनछपराची मामाला

मी, खाली सही करणारा, वय एकोणतीस, शिक्षण नववी (दहावीला बसणार होतो, पण पेपराच्या दिवशी भलत्याच गावात होतो), धंदा लोकांच्या गाड्या एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणे, हे राजीखुशीने लिहून ठेवतो. रक्त नासलंय, डोकं शाबूत आहे. कुणी दम देऊन लिहून घेतलेलं नाही. दम द्यायलाही कुणी फिरकत नाही.

वकीलबाईंनी एक बजावलंय: ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याचा वाटा गेला. म्हणून शेजारचा शिंपी आणि बाईंचा कारकून सह्या करतील.

१. खोली भाड्याची. गादी आणि स्टोव्ह घरमालकीणकाकूंना. त्यांनी माझं जॅकेट धुऊन आखडवलं, ते माफ.

२. पान्यांची पेटी आणि दोन सीटची लाल गाडी मेकॅनिकमामाला. तिचं कापडी छप्पर अर्ध्यात अडकतं, म्हणून आम्ही तिला बिनछपराचीच म्हणतो. वळणावर नुसतं मनात आणलं की वळते. पण बूड जमिनीपासून चार बोटं. मामा म्हणायचा, "बसताना राजा, उतरताना म्हातारा."

३. जीप दादाला. ती खडखडते, आत बोललेलं ऐकू येत नाही, वेग घेतला की आरसा थरथरतो. पण ओढा म्हणू नका, दगड म्हणू नका, चढतेच. एकदा तिच्यातून मी मेंढ्या नेल्या होत्या, ते असो. जीप वडिलांची. डोंगरावरच्या घरून आईला दवाखान्यात न्यावं म्हणून दादाने माझ्या हवाली केली होती. मी ती एका कंत्राटदाराला देऊन बदल्यात लाल गाडी आणली.

दादा म्हणाला, "अरे, आईचा रस्ता काय गुळगुळीत आहे का?"

मी म्हटलं, "सावकाश नेईन."

सावकाशच नेत होतो. दरड पडलेल्या वळणावर गाडी पोटावर बसली, चाकं नुसती फिरत राहिली. जीप तिथून सहज गेली असती. आई शेजारी, धाप लागलेली. मी छपराशी झटत होतो. ती म्हणाली, "राहू दे रे, आभाळ बरं दिसतंय." पुढे काही म्हणाली नाही.

कंत्राटदाराकडे वर्षभर राबून जीप परत मिळवली. न्यायला कुणी उरलं नव्हतं. आई गेली त्या दिवसापासून दादा बोलत नाही, त्याला चार वर्षं झाली. त्याने जीप घ्यावी, एवढ्यासाठीच हा सगळा कागद.

४. इथवर लिहून झालं आणि कारकुनाआधी दादाच आला. काकूंनी कळवलं असणार. बसला नाही. सगळं वाचलं, साक्षीदाराचा नियम बोट ठेवून दोनदा वाचला.

समोर बसलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही सही नका करू हं, जीप जाईल तुमची."

दादा म्हणाला, "पेन द्या."

तेव्हा कलम तीन रद्द समजावं. जीप खाली गल्लीत आहे, किल्ली तिलाच लावलेली आहे; न्यायची तर दादाने कागदाशिवाय न्यावी.

ठिकाण: भाड्याची खोली, दुसरा मजला
तारीख: नऊ ऑक्टोबर, दुपार
लिहिणाऱ्याची सही

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी
२. सख्खा थोरला भाऊ