राजाचा कान

१ फेब्रुवारी २००३, अल कुसैस

आले एकदाची दुबईत! निनाद वर्षभर इथे एकटाच होता. आता मी आणि आमची लेक ईश्वरी आल्यामुळे फ्लॅटला घरपण आलंय. नोकरीही मनासारखी मिळाली. दत्तप्रसाद सरांची कंपनी एका मॉलमध्ये इटलीतलं जुनं डोंगरी गाव उभं करतेय आणि त्याची ड्रॉइंग्ज माझ्याकडे आहेत. जबल अलीच्या गोदामात फोम-प्लॅस्टरचे भाग तयार होतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं चर्च, त्याच्या दर्शनी भिंतीवर गोल रंगीत खिडकी, बाजूला सुटा उभा घंटेचा मनोरा. त्या गावात विणकरांचं चर्च वेगळं, चांभारांचं वेगळं! आर्किटेक्ट झाल्याचं सार्थक वाटलं.

८ फेब्रुवारी

सार्थक कसलं डोंबलाचं! चर्चच्या दारात सरांनी चपलांचं दुकान काढलंय. मनोरा अर्धा छाटला, का तर एसीचा पाइप आडवा येतो. वर क्लायंटसमोर माझी ड्रॉइंग्ज स्वतःची म्हणून मांडली. मी बोलायला गेले तर म्हणाले, यल्ला, कामाला लागा मॅडम, पुण्याचा ताठा इथे चालत नाही. अंगाचा तिळपापड झाला नुसता.

१५ फेब्रुवारी

सगळं मॉलमध्ये उभं राहिलं. इटलीहून बोलावलेल्या म्हाताऱ्या कारागिराने कार्निव्हलचा राजाही पूर्ण केला. कागदाच्या लगद्याचा, बसलेला, अवाढव्य. ओठ घट्ट मिटलेले. मान खाली कललेली, त्यामुळे त्याचा पोकळ कान आपल्या तोंडाशी येतो. त्यांच्या गावात उपवासाचे दिवस लागण्याआधी प्रत्येक जण त्या कानात आपला राग ओकतो आणि कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी चर्चसमोर राजाला जाळतात. आपल्याकडे शिमग्याला बोंब मारतात, तसंच. पण मॉलमध्ये आग कोण लावू देणार? सर म्हणाले, जाळायचा कशाला, पुढच्या वर्षी वापरू. म्हातारा हादरलाच. म्हणाला, जाळला नाही तर ऐकलेलं तो विसरत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्या कानात सरांचं नाव घेतलं आणि यथेच्छ शिव्या घातल्या. फार बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

सरांचा आवाज गेला. डॉक्टरांना घशात काहीच सापडलं नाही. खुणा करून कामं सांगतात. खोटं कशाला लिहू, मला हसू आवरेना.

२३ फेब्रुवारी

काल फोरमन अजीजने गोल खिडकीची काच फोडली. वर मलाच, "खलास मॅडम, दूसरा बन जाएगा." राजाच्या शेजारीच उभी होते. कानात काही बोलले नाही, तिथल्या तिथे त्याला नाही नाही ते बोलले.

आज अजीजचीही वाचा गेली. घरून फोन आला तर नुसता रिसिव्हर धरून उभा. पलीकडे त्याची बायको हॅलो हॅलो करतेय.

राजाचे ओठ उघडलेत. लगद्याला कुठे तडा नाही.

२५ फेब्रुवारी

म्हातारा इटलीला परत गेलाय. सरांना विनवलं, आजच्या आज जाळा हे. त्यांनी खुणेनेच मला वेड्यात काढलं. मेले सगळे आंधळे! मी आता तिथे तोंडच उघडणार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज स्टाफच्या कुटुंबांना मॉलमध्ये बोलावलं होतं. निनादला बजावलं होतं, ईश्वरीला राजाकडे नेऊ नकोस. ऐकेल तर शपथ! पोरगी चढली मांडीवर, मुकुट ओढला, तुटला. आणि मी ओरडले. तोंड बंद ठेव कार्टे, जीव नकोसा केलास माझा!

ती म्हणत होती, "ममा, सॉरी, आय वॉज जस्ट—"

तिथेच थांबली.

२ मार्च

रडते, पण आवाज नाही. निनाद म्हणतो, धक्का बसलाय, येईल. त्याला काय कळतंय! माझी ही जळकी जीभ—

लायटर घेऊन गेले होते. ज्योत धरली. राजाच्या तोंडातून बारीक आवाज आला, "ममा". तिचाच.

जाळू कसं आता?

४ मार्च

कार्निव्हलचा शेवटचा दिवस. ढोल, मुखवटे, गर्दी. कानाला तोंड लावलं. म्हटलं, तिचा सोड, माझा घे.

५ मार्च, सकाळ

माझा आवाज गेला. जाऊ दे. ईश्वरी उठली की—

उठली. बोलली.

आवाज माझा आहे. तिच्या तोंडातून माझा आवाज. तोंड बंद ठेव कार्टे— मराठीत, शब्द न् शब्द. डोळ्यांतून पाणी वाहतंय, घाबरलीय, माझ्यापुढे हात जोडतेय आणि तोंड ओरडतंय, जीव नकोसा केलास—

जवळ घेतलं. आणखी जोरात—

वहीत मोठ्या अक्षरांत इंग्रजीत सॉरी लिहून दाखवलं. तिने वाचलं. तेही त्याच आवाजात, अंगावर धावून आल्यासारखं.

आता दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलंय तिने. तरी बोटांमधून माझा—