उपग्रहाला काय कळतंय!

४ मार्च
आजपासून रोज लिहायचं. मोठा शोध लागल्यावर तारखा आठवत नाहीत, असं व्हायला नको.

वेधशाळेत मीटिंग. प्रोग्रामरबाईंनी मला गॅमा-किरण स्फोट समजावून सांगितला. मला! बावीस वर्षं ही दुर्बीण चालवतोय मी. म्हणे, दूर कुठेतरी तारा कोसळतो, गॅमा किरणांचा झोत येतो, उपग्रह तो टिपतो आणि आकाशातली जागा कळवतो. मागे उरलेला उजेड झपाट्याने मावळतो, म्हणून दुर्बीण लगेच तिकडे वळायला हवी. बाईंच्या प्रोग्राममुळे ती आपोआप वळणार, चाळीस सेकंदांत.

मी म्हणालो, "उपग्रहाला काय कळतंय? अलर्ट माझ्या फोनवर येऊ दे. खरा की खोटा, मी ठरवीन."

संचालक ज्येष्ठांना मान देणारे आहेत. तीन महिने माझी पद्धत. प्रोग्राम बंद.

५ मार्च
संकल्प: फोन क्षणभरही नजरेआड करायचा नाही. अलर्टला भोंगा लावला. बायकोच्या हातून कप पडला. विज्ञानासाठी घरच्यांना थोडं सोसावं लागतंच.

१९ मार्च
अलर्ट आला रात्री ८.१२ ला. ८.१२ ला मी अंघोळ करत होतो. बायकोने दार ठोठावलं, "अहो, तुमचा तारा मेलाय!" माझ्या डोळ्यांत साबण. दुर्बिणीच्या घुमटात पोचेपर्यंत ९.०५. तिथे काही नाही. स्फोटच दुबळा होता. दर्जेदार स्फोट तासभर तग धरतो.

२ एप्रिल, रात्री १.३०
भोंगा. आकडे पाहिले. खोटा. सूर्यावर जरा खुट्ट झालं की हे उपग्रह बोंबलतात. प्रोग्रामने उगाच धावाधाव केली असती. कूस बदलली.

३ एप्रिल
खोटा नव्हता. एकोणीस वेधशाळांनी पाहिला. दहा वर्षांतला सगळ्यात तेजस्वी, म्हणे. गर्दीत जाऊन उभं राहणं माझ्या स्वभावात नाही.

प्रोग्रामरबाईंनी त्या एकोणीस वेधशाळांची यादी माझ्या टेबलावर आणून ठेवली. काही लोकांना न बोलताही टोचता येतं.

१० एप्रिल
मेहुणा जेवायला आला होता. त्याने विचारलं, "पण भावोजी, तुमच्यापेक्षा यंत्रच लवकर वळेल ना?" फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने आकाशाविषयी बोलू नये. बायको म्हणाली, त्याने फक्त प्रश्न विचारला. भाऊ-बहिणीचं आधीच ठरलेलं दिसतंय.

संकल्प: यापुढे घुमटातच झोपायचं.

६ मे, पहाटे
सापडला!!

अलर्ट ११.४० ला. बूट घालूनच झोपलो होतो. आकडे स्वतः टाइप केले, नव्वद सेकंदांत दुर्बीण रोखली. मधोमध लख्ख ठिपका, ताऱ्यांच्या नकाशात नसलेला. जगभरच्या वेधशाळांना ईमेल धाडला. संचालकांना झोपेतून उठवलं. मग बायकोला फोन. ती म्हणाली, "खरंच? मी येऊ का?" थर्मासमधून चहा घेऊन आली. माझ्या शेजारी स्टुलावर बसून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. म्हणाली, "छान आहे हो."

६ मे, दुपारी
लघुग्रह निघाला. सत्तर वर्षांपासून लघुग्रहांच्या यादीत आहे. उपग्रहाने उणे अकरा अंश कळवलं होतं, मी अधिक अकरावर पाहत होतो. उणे चिन्ह फारच बारीक छापतात. कडक पत्र लिहिणार आहे. एका वेधशाळेचं उत्तर आलं: लघुग्रहाची प्रकृती उत्तम असल्याचं वाचून आनंद झाला. लोकांना शिष्टाचार राहिलेला नाही.

घरी बायकोने काही विचारलं नाही. तिला कोणी सांगितलं, कोण जाणे.

७ मे
संचालकांनी प्रोग्राम सुरू करायला सांगितलं. अजून तीन महिने पूर्ण झाले नाहीत, हे मी निदर्शनास आणलं. ते म्हणाले, "तेच तर."

२१ मे
प्रोग्रामने अडतीस सेकंदांत स्फोट पकडला. सगळीकडून अभिनंदन. त्या वेळी बाई घरी गाढ झोपल्या होत्या! मी झोपलो तेव्हा मात्र केवढा गहजब.

२ जून
बढती म्हणायला हरकत नाही. प्रेक्षक विभाग माझ्याकडे आला. रोज दुपारी चारला व्याख्यान. दुर्बिणीच्या किल्ल्या जमा केल्या. त्या तशाही जड होत्या.

९ जून
प्रेक्षक तेरा, त्यांतले आठ उन्हाला कंटाळून आत आलेले. गॅमा-किरण स्फोटांवर तासभर बोललो. रंगलो, खरं सांगायचं तर. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. म्हणाल्या, "किती छान सांगता हो! तुम्ही स्वतः कधी पाहिलाय का?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही," म्हणालो.

"एकदाही नाही?"

"नाही."

"असू दे हो," आजी म्हणाल्या. "अजून वय आहे तुमचं."

आणखी कोणाला काही विचारायचंय का, म्हटलं. मागच्या एका गृहस्थांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. त्यांना दारापर्यंत नेऊन दाखवलं.