दुधाळ काच

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मधे लाकडी जिना. जुन्या वस्तू नाटक-सिनेमावाल्यांना भाड्याने द्यायच्या, असा हा धंदा: टेलिफोन, पंखे, टाइपरायटर, आरामखुर्च्या. मालकांना बंद वस्तू चालू करणारा माणूस हवा होता. बायकोलाही इथेच कपडेपटाचं शिवणकाम मिळालं. स्वयंपाकघर पाहून तिने जाहीर केलं की इथे एका वेळी एकानेच चिडायचं, दोघांना जागा नाही. मालकांचे थोरले भाऊ मागच्या खोलीत असतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. पूर्वी माझं काम तेच करायचे, आता डोळे गेलेत. त्यांनी माझी बोटं चाचपली आणि म्हणाले, चटके खाल्लेत, म्हणजे कामाचा दिसतोस. मला इथे आवडणार.

५ फेब्रुवारी

मालकांनी गोदामातून एक टीव्ही काढून दिला. असा सेट मी फक्त फोटोत पाहिला होता. लाकडी पेटी, पितळी बटणं, पडद्याला दोन छोटी दारं. एका सिनेमावाल्याला तो चालू स्थितीत हवा आहे. आतलं दुखणं नेहमीचंच: कपॅसिटर गेलेले, वायरींचं रबर हात लावताच गळतंय. पिक्चर ट्यूबमध्ये मात्र जीव आहे. अडचण एकच, तिला मोतीबिंदू झालाय. ट्यूबच्या तोंडावर एक संरक्षक काच चिकटवलेली असते. मधला चिकट थर जुना झाला की दुधाळ होतो, त्याला मी मोतीबिंदूच म्हणतो. तो कडेने सुरू होऊन आत सरकतो. इथे उलटं आहे, मधे दाट आणि कडा स्वच्छ. असेल, प्रत्येक पेशंटची तऱ्हा वेगळी. बायको मला डबाडॉक्टर म्हणते ते काही उगाच नाही.

८ फेब्रुवारी

मोतीबिंदू उतरवला. काच हळूहळू तापवायची आणि बारीक तार फिरवत थर कापत जायचं. घाई केली की ट्यूब गेलीच. काच अखंड निघाली, भिंतीला टेकवून ठेवली आहे. थर बोटांना खरखरीत लागला, खडूच्या भुकटीसारखा. आतला पडदा इतका नितळ निघाला की मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. बायको चहा घेऊन आली, तिनेही वाकून त्यात केस नीट केले. म्हणाली, आपल्या आरशापेक्षा बरा आहे, हाच वर ने.

११ फेब्रुवारी

सेट चालू केला. आम्ही दुरुस्तीवाले सेटच्या मागे बसून काम करतो, म्हणून समोर आरसा ठेवतो आणि त्यात पडदा बघतो. अँटेना नव्हता, नुसत्या मुंग्या दिसायला हव्या होत्या. दिसलं चित्र. स्टूल, टेबलाची कड, टेबलावर एक आरसा. तो माझाच आरसा होता. सेटच्या जागेवरून जे दिसेल ते पडद्यावर दिसत होतं. टीव्हीला कॅमेरा नसतो. तो दाखवतो, बघत नाही. मी बटण बंद केलं, प्लग काढला. जेवून आलो तरी चित्र तसंच होतं.

१२ फेब्रुवारी

मालकांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, सिनेमावाले यायचेत, आता उगाच खोट काढू नकोस. रात्री पडद्याची दारं लावून घेतली होती, सकाळी उघडी होती. सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढे धुकं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, ते म्हणाले, सगळं साफ आहे, काही दोष नाही. पण मला दिसतंय ना. मधे दाट, कडा स्वच्छ.

१३ फेब्रुवारी

दादांना विचारायला जाणार, तर तेच आले. पडद्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, माझी काच कुठे आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, तो मोतीबिंदू नव्हता, त्या सेटच्या डोळ्यावर बांधलेली पट्टी होती. सरसात खडू कालवून त्यांनीच ती काच लावली होती, पण तोवर त्यांचे डोळे गेलेच होते. त्याआधी ते बहिणीकडे जाऊन राहिले होते, तरी तिथेही धुकं वाढतच गेलं होतं. त्या पडद्याने एकदा पाहिलं की झालं, म्हणाले. मी म्हटलं, फोडून टाकतो. तर म्हणाले, ट्यूबच्या आत हवासुद्धा नसते, मग काय असतं ते कोणी पाहिलंय, ते बाहेर काढू नकोस. काच परत लाव, उरलेली नजर वाचेल. उद्या सरस कालवून देतो म्हणाले.

बायकोनेही त्यात पाहिलं होतं.

१४ फेब्रुवारी

काच भिंतीपाशी नाही. दादांनी सरस कालवला नाही. म्हणाले, हा राखाडी शर्ट तुला शोभत नाही, कालचा निळा बरा होता.

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. मी काच काढल्या दिवसापासून त्यांना दिसतंय, असं म्हणाले. त्या पडद्यातून. स्टूल, खिडकीतलं ऊन, माझ्या बायकोची वेणी. रडत होते. थोडे दिवस राहू दे म्हणाले, मी किती वर्षं अंधारात काढली. मी विचारलं, आणि आमचं काय. ते उठून आपल्या खोलीत गेले.

१५ फेब्रुवारी

बायकोला सुई ओवता येईना. म्हणाली, दोराच भिकार आहे. मी विचारलं, धुकं कुठे आहे, कडेला की मधे. तिने सुई खाली ठेवली. मग म्हणाली, मधे.

मी डोळे मिटले की दुकान दिसतं. टेबलाच्या उंचीवरून. डोळे उघडले की फक्त दूध —

१६ फेब्रुवारी

ओळी एकमेकींवर चढत असतील. मला वाचता येत नाही.

काच दादांच्या पलंगाखाली होती, बायकोने शोधली. सरस तिनेच कालवला. मालक बाहेर गेलेत, दादा झोपलेत. तिला अजून कडेकडेने दिसतं, म्हणून खाली ती जाणार, मी नाही. मला जिन्यावर बसवून वही हातात दिली. म्हणाली, लिहीत बस, नाहीतर मधेच धडपडत खाली येशील. डोळे मिटूनच लावते म्हणाली.

खाली पोचली. सरस लावला, खालून सांगते आहे.

मी विचारलं, डोळे मिटलेत ना. हो म्हणाली, घट्ट.

मग म्हणाली, तरी दिसतंय. एक बाई. डोळे मिटलेली, हातात काच —

मलाही दिसते आहे ती. इतकी जवळ. तिच्या मागे दार उघडलं. दादा. काठी नाही, चाचपणं नाही, वाटेतलं स्टूल नीट वळसा घालून ते तिच्याकडे —

मी ओरडतोय, काच लाव, आधी काच ला