एका विटेची फट

५ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

माझी बदली झाली. वर्षभर लेक तुझ्या घरी आणि तुझ्याच वर्गात राहील. अट एकच. शाळेत तिने तुला मावशी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं कुणी बोलायला नको. रडली तर रडू दे. तूही रडतच शिकलीस, तेही माझ्या धपाट्यांनी.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तू बघ.

तुझी,
ताई

१८ जुलै

ती. ताईस, शि. सा. न.

तुझे धपाटे पाठीला अजून आठवतात! वर्गात यंदा संगणकावरचा नवा खेळ आलाय. प्रत्येक मुलाची पडद्यावर एक बाहुली, आणि चाळीस बाहुल्यांनी मिळून गाव उभारायचं. क्षेत्रफळ, नकाशे, सगळं त्यातच. घंटा झाली तरी पोरं उठत नाहीत.

तुझ्या लेकीची मात्र पंचाईत झाली. ती नवखी, म्हणून पोरांनी तिच्या बाहुलीभोवती चार भिंती घातल्या, वर छप्पर. दार नाही. एका विटेची फट ठेवली. त्यातून तिने गावासाठी नव्या विटा पाडून द्यायच्या. तक्रार घेऊन आली आणि चुकून मावशी म्हणाली. वर्ग खिदळला. मी सर्वांसमोर सांगितलं, "इथे मी बाई आहे. आपला प्रश्न आपण सोडवायचा." ती गुपचूप जागेवर जाऊन बसली. मी एक कळ दाबली की भिंत जाते. दाबली नाही. बरोबर केलं ना?

तुझा लोभ आहे तसाच राहो.

धाकटी

३० जुलै

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

अगदी बरोबर. चित्रातल्या भिंतीत कोंडून कुणी मरत नाही. लेकीचं दोन ओळींचं पत्र आलं. शुद्धलेखन उत्तम, तक्रार एकही नाही. बघ, सुधारतेय.

ताई

२ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

आमचं गाव सगळ्या शाळांत पहिलं आलं. कुणी इतरांना किती दिलं ते खेळ स्वतःच मोजतो. सर्वाधिक सहकार्याचं प्रशस्तिपत्र तुझ्या लेकीला! नऊ हजार विटा. तपासायला आलेले साहेब म्हणाले, अशी मुलं हवीत. तिच्या छपरावर पोरांनी घड्याळाचा मनोरा चढवलाय. आता भिंत काढली तर मनोरा पडेल, म्हणून तशीच ठेवली.

हल्ली ती घरीही मला बाईच म्हणते. मी हसण्यावारी नेते.

तुझ्या शाबासकीची वाट पाहणारी,
धाकटी

५ मे

चि. धाकटीस,

लेक पोचली. प्रशस्तिपत्र मी दर्शनी भिंतीवर लावलं. सांगायच्या आत कामं करते. पाणी भरते, भांडी पुसते, मग खोलीत जाऊन दार लावते. शेजारीण म्हणते, पोर गुणी आहे. कोंडल्याचं मला एका ओळीनंही का कळवलं नाहीस, असं काल मी तिला बंद दाराबाहेरून विचारलं. आतून म्हणाली, "आपला प्रश्न आपण सोडवायचा, बाई."

मी आई आहे, असं म्हणाले. दार थोडंसं उघडलं. फटीतून माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या एकेक करून बाहेर आल्या.

ताई