हिरव्या भुकटीस नवऱ्याची हरकत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रसायनशास्त्र विभाग, उज्जैन

विषय : सौ. मधुरा पोतनीस यांना संशोधनासाठी आणखी मुदत न देण्याबाबत
संदर्भ : त्यांचा मुदतवाढीचा अर्ज, जो मी घरी त्यांच्या नकळत वाचला

महोदया,

वरील मधुरा माझी पत्नी असून आपल्या हाताखाली पीएच.डी. करते. कार्यालयात कोणाला वाचता येऊ नये म्हणून हिंदी सोडून आपल्या मराठीत लिहीत आहे.

१. तिने एक सच्छिद्र भुकटी तयार केली आहे. अतिनील दिव्याखाली ती हिरवी चमकते. पाण्यात नको ते रसायन असले, की ते छिद्रांत शिरते, हिरव्याची ऊर्जा तांबड्याकडे जाते आणि भुकटी तांबडी दिसते. हे मला पाठ आहे, कारण घरी दुसरा विषयच निघत नाही.

२. माझी आई राहायला आली, तेव्हा भुकटी प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये होती. तिची छिद्रे रिकामी होईपर्यंत मधुरा हलू शकत नव्हती. बाहेरच्या रेणूंना जागा व्हावी म्हणून एवढा खटाटोप. सासूसाठी पलंग मात्र मी एकट्याने सरकवला.

३. मी टावर चौकातून मुद्दाम नवे अत्तर आणून लावले. मधुराने वास घेतला आणि म्हणाली, "अरे, एकदम बढिया! ह्याची भाप पावडरवर सोडून बघते." बाटली गेली ती गेलीच.

४. परवा शनिवारी तिचा विसरलेला मोबाइल द्यायला मी प्रयोगशाळेत आलो. आत अंधार होता. मान वर न करता ती म्हणाली, "भैया, दरवाजा लगा दो, उजाला आ रहा है." महोदया, मी तिचा नवरा आहे. दार लावून तसाच उभा राहिलो. तिने एक थेंब टाकला, हिरवे तांबडे झाले आणि मधुरा हसली. असे हसू मी साखरपुड्यानंतर पाहिलेले नाही. त्या भुकटीचा मला मत्सर वाटतो, आणि हे लिहिताना लाज वाटत नाही. मोबाइल शिपायाकडे देऊन मी परतलो.

इथवर लिहिल्यावर ध्यानात येते, की मुदत नाकारली तर ते हसूही जाईल, आणि ते माझ्या वाट्याला येईल याची खात्री कोण देणार? सबब विषय रद्द समजून तिला मुदत द्यावी. मात्र दुसऱ्या व चौथ्या शनिवारी आमच्या बँकेला सुट्टी असते. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मला एक स्टूल मिळावे. मी बोलणार नाही. अंधारच असतो, कोण बसले आहे, हे तिला सांगण्याची गरज नाही.

आपल्या विद्यार्थिनीचा पती,
मंदार पोतनीस
नानाखेडा, उज्जैन
दि. १६ जून २०२५

सोबत : विवाह नोंदणी प्रमाणपत्राची छायाप्रत